बंद कारखान्याच्या फोटोत काय सुटतं?

गेल्या महिन्यात आपल्या एमआयडीसीतल्या त्या बंद कारखान्याचे बारा फोटो मी इथं टाकले होते. ट्रॅक्टर आणि जीपचे ब्रेक ड्रम ओतणारा कारखाना. नाव मुद्दाम लिहीत नाही, देण्याघेण्याचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. इथल्यांना कळतंयच. वॉचमन ओळखीचा, म्हणून आत जाता आलं. भट्टीच्या शेडमध्ये फरशी फोडून बाभूळ आलीय, पत्रा उडालेल्या जागेतून उन्हाचा एक पट्टा बरोबर तिच्यावर पडतो. टाइम ऑफिसच्या दारात एकच बूट, उजव्या पायाचा. भिंतीवर फळा, त्यावर खडूनं लिहिलेलं, 'अपघाताशिवाय दिवस : ४१'. वीस वर्षं पत्रकारितेत आहे, पण माझ्या कुठल्या बातमीला एवढी दाद मिळाली नाही. त्या बुटाच्या फोटोवर तर दोघांनी कविता केल्या.

चौथ्या दिवशी एक फोन आला. मोल्डिंगला बावीस वर्षं काढलेले गृहस्थ.

"साहेब, फोटो झ्याक आल्यात. पण त्यो बूट आमच्यातल्या कुणाचा न्हाई बरं का. वॉचमनचा हाय. पावसात भिजला म्हणून वाळत टाकलाय त्यानं."

मी हसलो. तेही हसले. मग म्हणाले, "त्या बुटाच्या मागं कपाट दिसतंय बघा. त्याच्यात आमची हजेरी रजिस्टरं हाईत. तुमच्या फोटूत समदं धुरकट आलंय. तेवढं जरा साफ काढलं असतं, तर आमच्या कामाला आलं असतं."

मोबाईलच्या पोर्ट्रेट मोडवर फोटो काढला की मागचं सगळं आपोआप पुसट होतं. बूट उठून दिसावा म्हणून मी तसं केलं होतं. बावीस वर्षांच्या हजेरीचा पुरावा मी सौंदर्यासाठी पुसट केला, आणि वॉचमनच्या बुटावर लोकांना रडवलं.

त्या रात्री झोप नीट लागली नाही. लॅपटॉप उघडून जुने फोटो बघत बसलो, माझे नव्हे, डेट्रॉईटचे. कारण खरं सांगायचं तर कारखाना आपल्या एमआयडीसीतला होता, पण नजर मी तिकडून उसनी आणली होती. खांबांची लांबच लांब ओळ, फुटलेल्या काचा, फरशीतून उगवलेलं झाड, एकटी पडलेली वस्तू. हे सगळं व्याकरण डेट्रॉईटच्या पॅकार्ड कारखान्यावर तयार झालंय म्हटलं तरी चालेल. मोटारीच्या पडक्या कारखान्याचे फोटो म्हटलं की जगात आधी आठवतो तो हाच. म्हणून आज त्याची गोष्ट सांगतो. लांबण लागेल, पण सांगतो.

पॅकार्ड ही अमेरिकेतली बड्या लोकांची गाडी. ओहायो राज्यातल्या वॉरन गावच्या दोन पॅकार्ड बंधूंनी १८९९ मध्ये पहिली गाडी बनवली. असं सांगतात की थोरल्या-धाकट्यांपैकी जेम्सनं विंटन नावाच्या कंपनीची गाडी घेतली, ती सारखी बंद पडायची, तक्रार घेऊन गेला तर मालक म्हणाला, एवढं कळतंय तर तूच बनव की. त्यानं खरंच बनवली. पुढं डेट्रॉईटच्या भांडवलदारांनी त्यात पैसा घातला आणि १९०३ मध्ये कंपनी डेट्रॉईटला गेली. तिथं ईस्ट ग्रँड बुलेव्हार्ड या रस्त्यावर कारखाना उभा राहू लागला. आर्किटेक्ट होता अल्बर्ट कान, जर्मनीतून लहानपणी आलेल्या एका गरीब ज्यू धर्मगुरूचा मुलगा, फारसं शिक्षण नसलेला.

या कानबद्दल थोडं सांगायलाच हवं. तेव्हाचे कारखाने म्हणजे जाड भिंती, लाकडी तुळया, लाकडी जमीन. वर्षानुवर्षं ऑईल मुरलेली. एक ठिणगी पडली की संपलं. शिवाय खांब इतके जवळजवळ की यंत्र फिरवायची पंचाईत, आणि आत अंधार. पॅकार्डच्या पहिल्या नऊ इमारती कानने याच जुन्या पद्धतीनं बांधल्या. दहावी इमारत १९०५ मध्ये त्यानं लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटची केली. त्याचा भाऊ ज्युलियस इंजिनिअर, सळ्यांची रचना त्याची. काँक्रीटच्या खांबांनी भार घेतला, म्हणजे भिंतीला काही उचलायचं काम उरलं नाही. मग भिंतीच्या जागी खिडक्याच खिडक्या. कामगाराच्या हातावर उजेड पडू लागला. आज आपण आरसीसी म्हणून घराचा स्लॅब टाकतो, तेव्हा मोटारीच्या कारखान्यात ही गोष्ट नवी होती. पुढं हेन्री फोर्डनं कानलाच हायलंड पार्कचा कारखाना बांधायला दिला, आणि १९२९ नंतर तर सोव्हिएत रशियानं कानच्या कंपनीकडून शेकडो कारखान्यांचे आराखडे करून घेतले. अमेरिकेच्या भांडवलदारांचा आर्किटेक्ट स्टालिनचाही आर्किटेक्ट. असो.

म्हणजे पडक्या कारखान्याच्या फोटोत जो सुंदर तिरपा उजेड येतो ना, तो फोटोग्राफरचं कसब नंतर. आधी तो कामगाराला काम दिसावं म्हणून शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी हिशेब करून आत घेतलेला उजेड आहे.

पॅकार्ड वाढत गेलं. शेवटी सुमारे ३५ लाख चौरस फुटांचं बांधकाम, रस्त्याच्या या बाजूला, त्या बाजूला, आणि मधे रस्त्यावरून दोन्ही बाजू जोडणारा बंद पूल. दुसऱ्या महायुद्धात गाड्या थांबल्या आणि इथं रोल्स-रॉईसचं मर्लिन हे विमानाचं इंजिन परवान्यावर बनू लागलं, ५५ हजारांच्या वर इंजिनं बनली. अमेरिकेचं मस्टँग हे नावाजलेलं लढाऊ विमान पॅकार्डच्याच मर्लिनवर उडायचं.

याच काळातली एक गोष्ट मात्र पडक्या कारखान्याच्या कुठल्याच फोटोत येत नाही. जून १९४३. तीन कृष्णवर्णीय कामगारांना बढती देऊन असेंब्ली लाईनवर गोऱ्यांच्या बरोबरीनं उभं केलं. तीन फक्त. त्यावर सुमारे २५ हजार गोरे कामगार काम टाकून बाहेर पडले. युद्ध हिटलरशी चाललेलं, आणि संप कशासाठी, तर शेजारी काळा माणूस नको. युनियनच्या वरच्या नेत्यांचा या संपाला विरोध होता, तरी लोक ऐकेनात. महिना संपायच्या आत शहरात वांशिक दंगल पेटली, ३४ माणसं मेली, त्यात २५ कृष्णवर्णीय.

आपण नाक मुरडायचं कारण नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणाई खात्यात, जिथं पगार बरा होता तिथं, दलित कामगारांना घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि तो बाटायचा! १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. आपल्या जिल्ह्यात गिरण्यांच्या चिमण्यांचे फोटो काढणारे पुष्कळ आहेत. चिमणीच्या फोटोत हे दिसायचं कुठून?

युद्धानंतर पॅकार्ड ढासळलं. कारणं बरीच, पण एक कारण इमारतीतच होतं. चार-चार मजल्यांचा कारखाना. कच्चा माल वर चढवा, अर्धी गाडी खाली उतरवा, पुलावरून पलीकडं न्या. ज्या काँक्रीटच्या मजल्यांचं १९०५ मध्ये कौतुक झालं, तेच पन्नास वर्षांत गळ्यातला धोंडा ठरले. तोवर मोटारीचे नवे कारखाने एकमजली, लांबरुंद, मोकळ्या रानात बांधले जात होते. १९५४ मध्ये पॅकार्ड स्टुडबेकर कंपनीशी जोडलं गेलं, १९५६ मध्ये डेट्रॉईटमधलं गाड्यांचं काम थांबलं, १९५८ नंतर पॅकार्ड हे नावच गाडीवरून गेलं.

आता गंमत बघा. कारखाना १९५६ ला संपला, पण इमारत रिकामी पडली नाही. लहानमोठे धंदेवाले, गोदामवाले भाड्यानं राहिले, चाळीस वर्षं. नव्वदच्या दशकात तरुण पोरं रात्री तिथं टेक्नो संगीताच्या पार्ट्या करायची. शेवटचा भाडेकरू २०१० मध्ये गेला. दरम्यान भंगारवाल्यांनी तांब्याच्या तारा, लोखंडी पाईप, जे निघेल ते काढून नेलं. आगी लागायच्या, विझायच्या. म्हणजे जे भग्न रूप आपण फोटोत बघतो, ते कारखाना बंद पडल्याचं थेट चित्र नाहीच. ते त्यानंतरच्या पन्नास वर्षांचं चित्र आहे. थकलेला कर, कोर्टकचेऱ्या, पालिकेची ओढाताण आणि भंगाराचा भाव यांचं. फोटोखाली मात्र एकच ओळ असते, अमेरिकन स्वप्नाचा अंत, वगैरे.

शहरही रिकामं होत होतं. १९५० मध्ये डेट्रॉईटची लोकसंख्या साडेअठरा लाख, २०१० मध्ये सव्वासात लाखांच्याही आत. २०१३ मध्ये महापालिकेनं दिवाळखोरी जाहीर केली. आणि नेमक्या याच वर्षांत जगभरातून कॅमेरे घेऊन लोक यायला लागले. मार्शां आणि मेफ्र या दोन फ्रेंच फोटोग्राफरांचं डेट्रॉईटच्या अवशेषांवरचं जाडजूड पुस्तक २०१० मध्ये आलं, अँड्र्यू मूर या अमेरिकन फोटोग्राफरचंही त्याच साली. फोटो अप्रतिम आहेत, खोटं कशाला बोलू. त्याआधी १९९५ मध्ये कामिलो व्हर्गारा या फोटोग्राफरनं तर सुचवलं होतं की शहराच्या मध्यभागातल्या रिकाम्या टोलेजंग इमारती तशाच ठेवाव्यात, अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिससारखा अवशेषांचा बगीचा करावा. गावातल्या लोकांनी कपाळावर हात मारला. कारण तिथं अजून माणसं राहत होती. पुढं डेट्रॉईटकरांनीच या सगळ्या फोटोगिरीला शिवीसारखं नाव वापरायला सुरुवात केली, 'रुईन पॉर्न'. मराठीत भाषांतर करत नाही, घरात लहान पोरं असतात. पण म्हणणं सरळ होतं. आमच्या शहराचे कपडे फाटलेत तेवढंच तुम्हाला बघायचंय, आम्ही कोण, कसे राहतो, ते नको.

यातली सगळ्यात चोख गोष्ट एका भिंतीची आहे. २०१० मध्ये बँक्सी या प्रसिद्ध, तोंड न दाखवणाऱ्या चित्रकारानं पॅकार्डच्या पडक्या भिंतीवर एक चित्र काढलं. हातात रंगाचा डबा घेतलेला एक मुलगा, आणि बाजूला लिहिलेलं की इथं सगळी झाडं होती तेव्हाचं मला आठवतं. गावातल्या एका कलादालनाच्या लोकांनी ती अख्खी भिंतच कापून नेली. मालकी कुणाची यावर भांडण झालं, ते मिटलं, आणि २०१५ मध्ये ती भिंत लिलावात १ लाख ३७ हजार ५०० डॉलरला गेली. आता हा आकडा लक्षात ठेवा. थकलेल्या करापोटी २०१३ मध्ये अख्खा पॅकार्ड कारखाना लिलावात निघाला होता. इमारती, जमीन, पूल, सगळं. पेरू देशात धंदा असलेल्या एका बिल्डरनं तो घेतला ४ लाख ५ हजार डॉलरला. म्हणजे ३५ लाख चौरस फुटांच्या कारखान्याच्या एक तृतीयांश किंमत एका चित्र काढलेल्या भिंतीला आली.

त्या बिल्डरनं दुकानं, घरं, कलाकारांचे स्टुडिओ अशी बरीच स्वप्नं दाखवली. रस्त्यावरच्या पडक्या पुलाला त्यानं एक भलंमोठं छापील कापड गुंडाळलं, त्यावर तोच पूल जुन्या वैभवात कसा दिसायचा त्याचं चित्र! निवडणुकीच्या आधी आपल्याकडं पडक्या नगरपालिकेसमोर नव्या इमारतीचा फ्लेक्स लावतात ना, तसं. २०१९ च्या जानेवारीत पूल रस्त्यावर कोसळला. २०२२ मध्ये कोर्टानं कारखाना पाडायचा आदेश दिला, त्याच वर्षी पाडकाम सुरू झालं, ते संपायला २०२४ चा डिसेंबर उजाडला. कानचं काँक्रीट सहजासहजी मरत नव्हतं.

याच शहरातलं एक उलटं उदाहरण सांगतो. डेट्रॉईटच्या कलासंग्रहालयात मेक्सिकोचा चित्रकार दिएगो रिव्हेरा यानं १९३२-३३ मध्ये चारही भिंतींवर २७ चित्रं रंगवली, फोर्डच्या रूज कारखान्याची. नुसती माणसंच माणसं. वाकलेली, ढकलणारी, ओढणारी, घामेजलेली. त्याच कारखान्याचे फोटो १९२७ मध्ये चार्ल्स शीलर या फोटोग्राफरनं काढले होते, जाहिरातीसाठी. त्या फोटोंत कन्व्हेयरचे पट्टे आहेत, धुराडी आहेत, माणूस औषधाला. आणि तेव्हा कारखाना जोरात चालू होता! म्हणजे कामगार फोटोतून गेला तो कारखाना बंद पडला म्हणून नाही. तो चालू असतानाही फ्रेममध्ये नव्हताच.

आता मुंबईला येऊ, कारण हा धागा आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो.

वालचंद हिराचंद दोशी, जन्म १८८२, सोलापूर. बार्शी लाईट रेल्वेच्या कामात ठेकेदारीचा श्रीगणेशा केलेला माणूस. जहाज, विमान आणि मोटार, तिन्ही गोष्टी हिंदुस्थानात बनल्या पाहिजेत हे त्यानं डोक्यात घेतलं. बंगळूरला १९४० मध्ये विमानाचा कारखाना, विशाखापट्टणमला १९४१ मध्ये जहाजबांधणी, आणि १९४४ मध्ये कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाईल्स. करार कुणाशी? डेट्रॉईटच्या क्रायसलरशी. १९४७ पासून कुर्ल्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडू लागल्या. पॅकार्डच्या शेजारगावचं रक्तच म्हणा ना. वालचंद १९५३ मध्ये गेले. पुढं इटलीच्या फियाटशी जमलं, आणि फियाट ११०० ची होत होत १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी झाली. स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढं अखंड सीट, आणि नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची.

माझा मामा त्या कुर्ल्याच्या कारखान्यात बॉडी शॉपला होता. लहानपणी सुट्टीत मुंबईला गेलो की दादरला टॅक्सी दिसली रे दिसली, मामा तिच्या दारावर बोटानं टकटक करायचा. आवाज ऐकायचा आणि म्हणायचा, "चांगला बसलाय." टॅक्सीवाला खेकसायचा. मला तेव्हा लाज वाटायची.

२००० च्या आसपास पद्मिनीचं उत्पादन थांबलं. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २००३ मधली, वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली, तेव्हा सगळ्या पेपरांनी अर्धा-अर्धा पान दिलं. टॅक्सीचे फोटो, टॅक्सीवाल्यांच्या मुलाखती. टॅक्सी बनवणाऱ्यांचं कुणी नाव काढलं नाही. काढणार कुठून? कुर्ल्याच्या त्या जागेवर आता कोहिनूर सिटी आहे, टॉवर, ऑफिसं, हॉस्पिटल. मुंबईत जमिनीचा भाव इतका की अवशेष व्हायलाही सवड मिळत नाही. पॅकार्ड मेल्यावर ६६ वर्षं उभं होतं, जगानं त्याचे फोटो काढले. प्रीमियर कधी उभं होतं हे कुर्ल्यातल्या नव्या पोरांना रस्त्याच्या नावावरूनच कळायचं. तिकडं डोंबिवलीतही प्रीमियरचा कारखाना होता, त्याचंही मैदान झालं, सभा होतात.

एका ठिकाणी मात्र प्रीमियरचा कामगार पक्का नोंदला गेलाय, कायद्याच्या पुस्तकात. कुर्ल्याच्या कारखान्यातला वाद, इन्सेंटिव्हच्या पैशावरून, थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७५ चा निकाल. कामगारांचा वाद साध्या दिवाणी कोर्टात चालणार की औद्योगिक विवाद कायद्याच्या यंत्रणेतच, यावर आजही तो निकाल वकील दाखवतात. खटल्याच्या शीर्षकात एका बाजूला प्रीमियर ऑटोमोबाईल्स आणि दुसऱ्या बाजूला एक कामगार, साधं मराठी नाव. लॉ कॉलेजच्या पोरांना ते पाठ असतं.

आणि तळेगाव? जनरल मोटर्सनं २०२० च्या डिसेंबरात तिथली शेवटची गाडी काढली. कामगार नोकरीसाठी भांडत राहिले, शेड ह्युंदाईनं घेतली. शेडला गिऱ्हाईक मिळतं.

मामा गेल्यावर त्याच्या पत्र्याच्या पेटीत कारखान्याचा एकच फोटो सापडला. दसऱ्याचा. यंत्राला झेंडूचे हार, हळदीकुंकू, नारळ, आणि समोर चाळीसेक माणसं, धुतलेले कपडे घालून, केस चापून बसवून, ताठ. मागं प्रत्येकाचं नाव बॉलपेननं लिहिलेलं, ओळीनं. त्या रात्री तो फोटो परत काढून बघितला. उजेड वाईट, डावीकडचा माणूस अर्धा कापलेला. पण चाळीस नावं आहेत.

नावांच्या यादीनं काय होतं ते सांगायला पुन्हा अमेरिकेत जावं लागेल, दोनच मिनिटं. पॅकार्डची भागीदार झालेली ती स्टुडबेकर. तिनं डिसेंबर १९६३ मध्ये इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडचा आपला मूळ कारखाना बंद केला. पेन्शन फंडात पैसे पुरेसे नव्हते. साठी गाठलेल्यांना आणि आधीच निवृत्त झालेल्यांना पेन्शन मिळाली. चाळीस ते साठ वयाच्या चार हजारांच्या वर कामगारांना, ज्यांची वर्षानुवर्षं नोकरी झाली होती त्यांना, हक्काच्या रकमेच्या सुमारे १५ टक्के हातावर टेकवले. त्याहून तरुणांना काहीच नाही. हे नुसतं 'फार अन्याय झाला' असं सांगून राहिलं नाही. कुणाचं वय किती, नोकरी किती, हक्क किती, मिळाले किती, हे कागदावर मांडता आलं. युनियननं ते वर्षानुवर्षं लावून धरलं, आणि १९७४ मध्ये अमेरिकेत कामगारांच्या पेन्शनला संरक्षण देणारा मोठा कायदा झाला. त्याच्या इतिहासात स्टुडबेकरचं नाव पहिल्या पानांवर येतं. पॅकार्डच्या अप्रतिम फोटोंमुळं कुणाला एक डॉलर जास्त मिळाल्याचं माझ्या वाचनात नाही.

आपल्याकडं ग्रॅच्युइटीचा कायदा २०२५ पर्यंत १९७२ चा होता. पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल तर दर वर्षामागं १५ दिवसांचा पगार. हिशेब तिसरीतलं पोर करील. भांडण होतं ते 'वर्षं किती' यावर. कंपनी चालू असते तोवर कागद कंपनीकडं असतात, म्हणून कामगार निर्धास्त असतो. गेटला कुलूप लागलं की तेच कागद आत अडकतात. मग बावीस वर्षं हे कुणी सांगायचं? हजेरी रजिस्टरनं. ते कुठंय? बुटाच्या मागं, धुरकट.

म्हणून परवा परत गेलो. या वेळी वॉचमनच्या ओळखीवर नाही, रीतसर परवानगी घेऊन, बरोबर तिघं जुने कामगार आणि एक वकीलमित्र. फोन करणारे गृहस्थही होते. आत शिरल्या शिरल्या ते बाभळीकडं न बघता पुढं गेले. मी ज्याला भट्टीची शेड म्हणून फोटोखाली लिहिलं होतं, ती कोअर शॉप निघाली. भट्टी पलीकडं. फळ्यासमोर मात्र ते थांबले. 'अपघाताशिवाय दिवस' वरचा तो ४१ त्यांच्याच हातचा. रोज सकाळी पहिल्या पाळीला आकडा बदलायचं काम त्यांच्याकडं होतं. "बेचाळीस लिवायला आलो तर गेटला कुलूप," म्हणाले. एक्केचाळीस दिवसांपूर्वी काय झालं होतं ते मी विचारलं. एका पोराची दोन बोटं गेली होती. ते पोर आता गावात पानटपरी चालवतं. मी त्याच्याकडून रोज चहाच्या वेळी तंबाखूची पुडी घेतो. हात कधी बघितला नव्हता.

कपाट उघडलं. खालचे दोन कप्पे वाळवीनं खाल्लेत, पिठासारखे झालेत. वरची नऊ रजिस्टरं शाबूत आहेत. टेबलावर ठेवून, वरून सरळ, एकेक पान. पोर्ट्रेट मोड नाही, तिरपा उजेड नाही. अडीच तास लागले. फोटो इथं टाकणार नाही, त्यात लोकांच्या सह्या, अंगठे, पगार आहेत. एक प्रत वकिलाकडं, एक कामगारांकडं, एक माझ्याकडं.

खाल्लेल्या वर्षांचं काय, हा प्रश्न आहे. त्यासाठी हे एवढं लिहिलं. या कारखान्यात काम केलेल्यांनी, किंवा ज्यांच्या घरातलं कुणी तिथं होतं त्यांनी, घरातल्या पेट्या, गाद्यांखालची पाकिटं, देवघरामागच्या पिशव्या एकदा उलट्या करून बघा. पगाराची चिठ्ठी, गेटपास, पीएफची स्लिप, ईएसआयचं कार्ड, बोनसचा कागद, दिवाळीच्या मिठाईची चिठ्ठीसुद्धा चालेल, फक्त तारीख आणि नाव पाहिजे. आणि दसऱ्याचे फोटो. मागं नावं लिहिलेली नसतील तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पेन्सिलनं लिहा.

रविवारी सकाळी दहापासून मी आणि वकीलमित्र बाजारतळाशेजारच्या वाचनालयात बसतोय. झेरॉक्स नको, मूळ कागद आणा. तुमच्यासमोर फोटो काढून कागद लगेच तुमच्या हातात परत देऊ, ठेवून घेणार नाही. तालुक्यात आणखी दोन कारखान्यांच्या गेटला कुलूप आहे, तिथलेही आले तरी चालेल. वॉचमनचा दुसरा बूट सापडलाय, तो आता दोन्ही घालून फिरतो.